डाव्या नडगीवरचा व्रण

तेबतुनिस गावात कोप्रिया नावाच्या चार बायका होत्या आणि चौघीही उकिरड्यावर सापडलेल्या होत्या. नावाचा अर्थच तो. नको असलेलं मूल गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलायचं, दाई लावून दोन वर्षं दूध पाजायचं, आणि जगलं की ते त्याच्या मालकीचं. शेळीचं करडू पाळण्याइतकाच सोपा व्यवहार. फरक इतकाच, की करडाला पुढे बोलता येत नाही. या कोप्रियेला येत होतं, आणि भरपूर येत होतं.

हेराइसबाईंनी तिला उचललं तेव्हा बाई सत्तावीस वर्षांच्या, मूलबाळ नसलेल्या. गावाला वाटलं, लेक म्हणून आणली असेल. बाईंनी तो गैरसमज लवकर दूर केला. आठव्या वर्षी पोरीला विणकराकडे शिकायला घातलं आणि दहाव्या वर्षी घरच्या मागाला जुंपलं. नवरा वारल्यावर घर चाललं ते त्या मागावरच. पण हे बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. बोलून दाखवायची ती कोप्रियाच.

पस्तिसाव्या वर्षी ती गावातली सगळ्यांत चांगली विणकरीण होती, आणि हेही ती स्वतःच सांगायची, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला तिला वेळ नव्हता. अंगाने उंच, रंग मधासारखा, चेहरा लांबट. एवढ्या वयाच्या बटकीच्या अंगावर एखादा तरी व्रण असायचाच. कोणाला चुलीने भाजलेलं, कोणाला गाढवाने लाथाडलेलं, कोणाला मालकाने. कोप्रियेच्या अंगावर एकही नव्हता. हेराइसबाई त्याचं श्रेय स्वतःच्या दयाळूपणाला देत. खरं म्हणजे त्यांनी तिला आजवर कितीतरी वेळा चप्पल फेकून मारली होती. कोप्रिया चपळ होती, इतकंच.

चप्पल फेकून झाली की बाईंना वाईट वाटायचं. मग त्या म्हणायच्या, "मी मेले की तू मोकळी. मृत्युपत्रात लिहून ठेवते." आणि खरोखर लिहायच्या. दस्तकचेरीत जाऊन, सहा साक्षीदार गोळा करून, सहा शिक्के मारून. पुढच्या भांडणात ते मृत्युपत्र परत मागवून फाडायच्या. असं तीनदा झालं होतं. चौथ्या वेळी साक्षीदार यायलाच तयार होईनात. त्यांना आधी बिअर पाजावी लागली आणि ती कोप्रियेनेच वाढली. तर ते चौथं मृत्युपत्र सध्या कचेरीत सुखरूप पडून होतं, आणि कोप्रिया आपला माग, आपली जीभ आणि बाईंची प्रकृती सांभाळून होती. तिला आयुष्यात हवी होती ती एवढीच एक गोष्ट, आणि ती एका म्हातारीच्या लहरीवर टांगलेली होती.

आणि नेमकं तेव्हाच ते चित्र घरात आलं.

ऐपत असलेली माणसं आपला चेहरा जिवंतपणीच फळीवर रंगवून घेतात, म्हणजे मेल्यावर देह गुंडाळला की तोंडाच्या जागी ती फळी बसवता येते. हेराइसबाईंनी जिल्ह्याच्या शहरातून चितारी बोलावला. आठ दिवस त्याला बदक खाऊ घातलं. नवव्या दिवशी फळी भिंतीला टेकवून बाई लाजत लाजत म्हणाल्या, "कसं आलंय?"

फळीवर काळ्याभोर कुरळ्या केसांची, मोत्यांचे डूल घातलेली पंचविशीतली एक तरुणी डोळे मोठे करून बघत होती.

कोप्रियेने नीट निरखून पाहिलं. "छान आहे. कोण ही?"

"कोण म्हणजे? मी!"

"असं होय. बाई, एक सांगू का? पलीकडच्या दारात देव तुम्हांला आत घेणार नाहीत. म्हणतील, ही म्हातारी कोणा पोरीचा चेहरा चोरून घेऊन आलीय."

या वेळी चप्पल लागली. म्हणजे कोप्रियेला नाही, चिताऱ्याला. आणि हेराइसबाई ओरडल्या, "तोल्लास! कुठे मेलायस? विकून टाक हिला! आजच्या आज!"

तोल्लास हा बाईंचा भाचा. बाईमाणसाला दस्त करायचा तर शेजारी कोणीतरी पुरुष पालक म्हणून उभा लागतो, तो हा. सकाळी उठणं, आत्याच्या घरी जेवणं आणि पालक म्हणून उभं राहणं, एवढ्यावर त्याचा दिवस भरायचा. आत्या मेल्यावर घर आपलं होणार हे त्याला ठाऊक होतं, पण त्या चौथ्या मृत्युपत्रामुळे घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू आधीच निसटणार होती, हेही ठाऊक होतं. आत्याच्या तोंडून हे वाक्य पडावं म्हणून तो दोन वर्षं टपून बसला होता. आत्याचा राग सहसा संध्याकाळपर्यंत टिकायचा. तोल्लासने दुपारीच जिल्ह्याच्या शहरात उतरलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका दलालाला निरोप धाडला. आणि राग उतरायला लागला की तो जेवताना हळूच विचारायचा, "आत्या, ते चित्र कुठे लावायचं म्हणालीस?" की पुन्हा भडका.

"बाई," कोप्रिया दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चूक झाली. चित्र हुबेहूब आहे."

"आता उशीर झाला," बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

दलाल तिसऱ्या दिवशी आला. नाव निकानोर. पोट सुटलेलं, बोटात तीन अंगठ्या, आणि चेहरा असा, जणू जगात प्रत्येकजण आपल्याला फसवायलाच जन्मला आहे. तसा अनुभवही होता त्याला. मागच्या वर्षी त्याने घेतलेली एक बटीक दुसऱ्याच कोणाची पळून आलेली निघाली होती, आणि त्याला पैसे आणि बाई दोन्ही गमवावे लागले होते. तेव्हापासून तो माणूस नंतर बघायचा, कागद आधी.

सगळे दस्तकचेरीत जमले. तिथला कारकून ओनोफ्रिस, गावातला एकुलता एक बोरू धरणारा, म्हणून गावातला सगळ्यांत थकलेला माणूस. निकानोरने कोप्रियेचे दात बघितले, बोटं वाकवून बघितली, दारापर्यंत चालवलं.

"अपस्मार?"

"नाही," तोल्लास म्हणाला.

"महारोग?"

"नाही."

"पळून जायची सवय?"

"छे, छे."

"तोंडाची हमी नाही मागत का कोणी?" कोप्रियेने विचारलं. "तिथे यांची पंचाईत होईल."

"मालकीचा पुरावा," निकानोर तिच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाला.

ओनोफ्रिसने सात वर्षांपूर्वीच्या शिरगणतीची गुंडाळी फडताळातून काढली, धूळ झटकली आणि सुरात वाचलं, "हेराइस हिच्या घरी, घरात वाढलेली बटीक कोप्रिया, वय अठ्ठावीस, मधाळ रंगाची, लांबट चेहऱ्याची, डाव्या नडगीवर व्रण."

निकानोरने हातातल्या काठीने कोप्रियेच्या झग्याची कड वर उचलली. डावी नडगी केळीच्या गाभ्यासारखी गुळगुळीत होती. त्याने उजवी बघितली. तीही तशीच. त्याने पुन्हा डावी बघितली, जणू मधल्या वेळात तिथे काही उगवलं असेल.

"व्रण कुठाय?"

हेराइसबाईंनी ओनोफ्रिसकडे बघितलं. ओनोफ्रिस छताकडे बघू लागला.

झालं होतं ते असं. शिरगणती चौदा वर्षांतून एकदा येते, आणि सगळं गाव शेवटच्या चार दिवसांत कचेरीवर येऊन कोसळतं. प्रत्येक माणसाची ओळख म्हणून एक खूण लिहावीच लागते, पण मालक एकटाच येतो आणि घरच्या गुलामांची यादी सांगतो. ओनोफ्रिसने त्या दिवशी विचारलं होतं, "खूण?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "असेल काहीतरी. लिही ना." वर्षानुवर्षं जिने पाय चेपून दिले तिच्या स्वतःच्या पायांकडे बघायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. आणि ओनोफ्रिसने अशा वेळी जे तो नेहमी लिही ते लिहिलं. पुरुष असेल तर भुवईवर व्रण, कारण पुरुषांच्या भुवईवर तो बहुधा असतोच. बाई असेल तर डाव्या नडगीवर, कारण बाईची नडगी उघडून बघायला जातंय कोण? तेबतुनिसच्या दप्तराप्रमाणे गावातल्या एकूणएक बटकी एकाच दगडाला एकाच पायाने धडकल्या होत्या.

"भरून आला असेल," तोल्लास म्हणाला.

"व्रण भरतो, पुसला जात नाही," निकानोर म्हणाला. "कागदातली बाई ही नाही."

"अहो, सगळं गाव ओळखतं हिला!"

"सगळं गाव अलेक्झांड्रियाच्या बाजारात साक्षीला येणार आहे का?"

कोप्रिया इतका वेळ गप्प उभी होती, आणि ती गप्प आहे हे लक्षात येऊन हेराइसबाई अस्वस्थ झाल्या होत्या. ती झग्याची कड सारखी करत अगदी साधेपणाने म्हणाली, "मग ती गेली कुठे?"

"कोण?" तोल्लास म्हणाला.

"व्रणवाली कोप्रिया. तिची सरकारदरबारी नोंद आहे आणि घरात ती नाही. मी घरात आहे आणि सरकारदरबारी माझी नोंद नाही. म्हणजे तोल्लासदादा, तुम्ही एक बटीक हरवलीत आणि एक लपवलीत. नाही का हो निकानोरशेठ? शहरात कायदा काय म्हणतो?"

"न नोंदवलेली बटीक सरकारजमा," निकानोर पाठ केल्यासारखं म्हणाला. "वर दंड. आणि खबर देणाऱ्याला त्यातला हिस्सा." शेवटचं वाक्य बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा उत्साह दिसला. "मी गावच्या स्नानगृहात जाऊन येतो. माझी नाव उद्या दुपारी सुटते. तोवर तुमची कोप्रिया कोणती ते ठरवा."

तो गेल्यावर ओनोफ्रिसने दार लावून घेतलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "नोंद बदल," तोल्लास त्याच्या अंगावर धावून गेला. "खोड ती ओळ!"

"इथली खोडीन. दुसरी प्रत जिल्ह्याच्या दप्तरात आहे, ती कोण खोडणार? आणि एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या बघतील. सगळ्या बघतील, तोल्लास! पस्तीस नडग्या आहेत!"

"मग नडगीच बदलू." तोल्लासने बोरू तासायची सुरी उचलली. "एक चीर. महिन्याभरात वाळेल. हा दलाल नाही तर पुढचा."

हेराइसबाई उठून उभ्या राहिल्या, पण त्या काही बोलायच्या आतच कोप्रिया म्हणाली, "मारा की. पाय धरायला चौघं बोलवा. तोंड धरायला कोणाला बोलावणार? जिल्ह्याचा साहेब विचारेल, व्रण कधीचा. मी सांगेन, परवाचा. विचारेल, कोणी केला. मी सांगेन, या पालकाने. विचारेल, का. तेव्हा तर मी आरामात खाली बसून सांगेन."

तोल्लासने सुरी खाली ठेवली.

"आता माझं ऐका," कोप्रिया म्हणाली. आपली भीती कोणाला कळू नये म्हणून ती जरा जास्तच मोठ्याने बोलत होती. "मला मोकळी करा. आज, आत्ता. दस्तात लिहा, हीच ती कोप्रिया, डाव्या नडगीवर व्रण. दोन्ही दप्तरं जुळतील. मोकळ्या बाईला कोणी विकत घेत नाही, म्हणजे तिचा झगा काठीने कोणी उचलत नाही. हरवलेली सापडली, लपवलेली उरली नाही, ओनोफ्रिसदादांची नोकरी राहिली."

"आणि नडगी?" ओनोफ्रिसने आशेने विचारलं.

"ती मी बघते. साहेब आला तर सांगेन, लहानपणी मागावर पडले. मोकळ्या बाईची साक्ष. पण हे मोकळी झाल्यावर. आधी नाही."

"हिला फुकट सोडायचं?" तोल्लास किंचाळला. "आत्या, ही लुबाडतेय आपल्याला!"

"तू गप्प," हेराइसबाई म्हणाल्या. त्या कोप्रियेकडे बघत होत्या. "मृत्युपत्रात लिहिलंच होतं मी."

"चारदा लिहिलंत. तीनदा फाडलंत."

"चौथ्यांदा फाडलं नव्हतं."

"चौथ्यांदा विकायला काढलंत."

बाई वळल्या. मग कारकुनाला म्हणाल्या, "लिही. पण त्यात एक कलम घाल. मी जिवंत आहे तोवर हिने माझ्याजवळ राहायचं, सांगेन ते काम करायचं, दिवसा आणि रात्री."

असं कलम पुष्कळ दस्तांत असतं. ओनोफ्रिसचा हात आपसूक बोरूकडे गेला. कोप्रिया मात्र जागची हलली नाही.

"हे कलम असेल तर नडगी अशीच राहील."

"का गं? मोकळी तर होशीलच ना!"

"बाई, दिवसा आणि रात्री तुमच्याजवळ राहायचं आणि सांगाल ते करायचं, हे तर मी आताही करते. मग ओनोफ्रिसदादांचा पपायरस कशाला फुकट घालवायचा?"

"म्हणजे तू जाणार."

"ते मी अजून ठरवलेलं नाही. आजवर माझं काही ठरवलंय का मी? मला सवय नाही. जरा वेळ लागेल."

"आणि मला कोण आहे इथे?" हेराइसबाई एकदम ओरडल्या. "हा?" त्यांनी तोल्लासकडे बोट केलं. तोल्लास खजूर खात होता.

कोप्रियेला हसू आलं, पण तिने ते आत ठेवलं. इथे ती विरघळली असती तर कलम लिहिलं गेलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "बोलावणं पाठवून बघा," ती म्हणाली. "मोकळ्या बाईला बोलावणं पाठवतात. ती येते किंवा येत नाही."

बाहेर कोणाचं तरी गाढव ओरडलं. हेराइसबाई कितीतरी वेळ शिक्क्याची अंगठी बोटावर फिरवत बसल्या. मग त्यांनी ती काढून ओनोफ्रिससमोर आपटली. "लिही. कलम नको. आणि लवकर लिही, माझा विचार बदलायच्या आत."

ओनोफ्रिसने आयुष्यात इतक्या वेगाने कधी लिहिलं नसेल. दस्त रस्त्यावर उभं राहून वाचायचा असतो, झ्यूस, धरणी आणि सूर्य यांच्या साक्षीने. झ्यूस त्या दिवशी कुठे होता कोणास ठाऊक, पण सूर्य भरपूर होता. हेराइसबाईंनी शिक्का मारला, तोल्लासने पालक म्हणून शेजारी उभं राहण्याचं आपलं काम केलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून साक्षीदार करण्यात आलं. कोप्रियेने दस्त घडी घालून छातीशी खोचला, कचेरीत परत आली, स्टुलावर बसली आणि सुरी मागितली.

"डावी," ओनोफ्रिस भिंतीकडे तोंड करून म्हणाला. त्याला रक्त बघवत नसे.

"दादा, इकडे बघा. चुकली तर पुन्हा उजवीवर करायची माझी तयारी नाही."

"डावीच! नडगीवर! घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली!"

"लांबी काय लिहिलीय?"

"लांबी लिहीत नाहीत!"

"तेवढीच तुमची कृपा."

तिने दात आवळले आणि एका झटक्यात चीर ओढली. दुखलं, पुष्कळ दुखलं, आणि तिने एक शिवी दिली, ती तेबतुनिसच्या बायकांनाही नवीन होती. जखमेवर शिरका ओतला, वर मध चोपडला, फडकं बांधलं. ओनोफ्रिस तोवर खाली बसला होता. त्याला पाणी तिनेच पाजलं.

निकानोर दुसऱ्या दिवशी खबरीचा हिस्सा मनात मोजत आला, तेव्हा त्याला शिक्क्यांचा दस्त दाखवण्यात आला. त्यात व्रण होता, दप्तरात व्रण होता. तो काठी पुढे करणार, एवढ्यात कोप्रिया म्हणाली, "मोकळ्या बाईचा झगा उचललात तर फिर्याद करीन हं शेठ. अर्ज ओनोफ्रिसदादाच लिहितील, ते आता वेगात आहेत." तो रिकाम्या नावेने गेला.

कोप्रियेने धोब्यांच्या गल्लीत एक खोली घेतली आणि एक जुना माग उधारीवर आणून बसवला. पहिल्या दिवशी तिने काहीच विणलं नाही. कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून नुसती बसून राहिली. ते तिला इतकं अवघड गेलं की दुसऱ्या दिवशी पहाटेच ती मागावर बसली.

हेराइसबाईंचं पहिलं बोलावणं तोल्लासबरोबर आलं. "आत्याने बोलावलंय." कोप्रियेने विचारलं, "कशाला?" त्याला ते विचारून यायचं सुचलं नव्हतं. तो परत गेला तो आलाच नाही. दुसरं बोलावणं शेजारणीबरोबर आलं, घरचा माग जाम झालाय म्हणून. कोप्रियेने तो कसा सोडवायचा ते तोंडी सांगून पाठवलं. हे ऐकून बाईंनी शेजारणीला चप्पल फेकून मारली म्हणतात.

सहाव्या दिवशी हेराइसबाई स्वतः आल्या. धोब्यांच्या गल्लीतून, सांडपाण्यातून, झग्याची कड उचलून, मसुराच्या आमटीचं भांडं फडक्यात गुंडाळून. आमटी त्यांनी स्वतः केली होती आणि ती लागली असणार हे वासावरूनच कळत होतं. गल्लीतले धोबी हातातली कामं थांबवून बघत राहिले. दारापाशी येऊन बाई थांबल्या. आयुष्यात त्यांनी कोप्रियेच्या दारावर कधी थाप मारली नव्हती. कोप्रियेला दारच नव्हतं ना. कुठे मारावी, किती जोरात मारावी, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी नखाने दोनदा टकटक केलं.

"कोप्रिया आहे का घरात?"

आतून फणीचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

"आहे. थांबा जरा. एवढी ओळ संपवते."

हेराइसबाई उन्हात भांडं धरून उभ्या राहिल्या. आत कोप्रियेने ती ओळ संपवली. मग धाग्याचं टोक नीट दाबून बसवलं, आणि अगदी सावकाश दुसरी ओळ घातली.